हळदीला समुद्र कुठून जवळ?

भांडुपहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आमचा हळद-मिरचीचा व्यवसाय आहे. भांडुपला भाड्याचे दोन गाळे आहेत. एकात दळण, दुसऱ्यात पॅकिंग. हळद वसमत-हिंगोलीकडून येते, थोडी सांगलीची. महिन्याला तीन-चार वीस फुटी कंटेनर दुबई आणि लंडनला जातात. त्यातले निम्म्याहून जास्त अख्ख्या हळकुंडांचे, बाकी पावडरीचे. शिवाय पॅकेटांचा थोडा थोडा माल दुसऱ्यांच्या कंटेनरमध्ये भागीत जातो. गाळ्याच्या मालकाचं बिल्डरशी बोलणं चाललंय, दीड वर्षात जागा सोडावी लागेल. माझे दीर म्हणतात, जालन्याला ड्राय पोर्ट होतंय, शेजारी एमआयडीसीत प्लॉट घेऊ आणि सगळंच तिकडे नेऊ. नाहीतर नागपूर. मला काही कळेनासं झालंय. निर्यात करणाऱ्यानं समुद्र सोडून चारशे किलोमीटर आत जायचं? आमच्याकडे चौदा बायका वर्षानुवर्षं कामाला आहेत, त्यांचं काय?"

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. अख्खी हळद आत न्या. पॅकेटं मुंबईतच ठेवा. प्लॉटचे पैसे आत्ता भरू नका.

"समुद्र सोडून" हे तुम्ही लिहिलंत, पण तुमचा माल जन्मतोच समुद्रापासून सहाशे किलोमीटरवर. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळकुंडाची पोती ट्रकमध्ये चढतात, भांडुपला उतरतात, चाळून-निवडून पोतं बदललं जातं आणि तीच हळकुंडं पुन्हा कंटेनरमध्ये चढून उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात जातात. मधल्या उतरवण्या-चढवण्यात हमाली लागते, मुंबईचं भाडं लागतं, अवजड वाहनांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. निवडणं सोडलं तर हळकुंडाची किंमत यातल्या कशानंही वाढत नाही, आणि निवडणं वसमतलाही होतं. पावसाळ्यात तर नुकसानच, कारण जुलैतल्या भांडुपच्या दमट हवेत ठेवलेलं हळकुंड ओल धरतं आणि मग दुबईचा खरेदीदार ओलाव्याच्या टक्क्यावरून घासाघीस करतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत साठवण सोपी. तेव्हा दिरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. फक्त त्यांनी ते बंदराच्या नावावर मांडलं. खरं ते हळदीच्या नावावर मांडायला हवं होतं.

आता त्या बंदराबद्दल. ज्याला आपण ड्राय पोर्ट म्हणतो तो कायद्याच्या भाषेत इनलँड कंटेनर डेपो. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 7 खाली ती जागा अधिसूचित व्हावी लागते, तेव्हाच तिथे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सुटतो. आपल्या देशात पहिला डेपो 1981 साली बंगळुरूला झाला. 1988 मध्ये कॉनकॉर ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिनं रेल्वेकडचे डेपो हाती घेतले. कल्पना सरळ आहे. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज) डेपोतच भरायचं, तपासणी तिथेच, 'लेट एक्स्पोर्ट' म्हणजे कस्टम्सची निर्यात-परवानगी तिथेच, सील तिथेच. मग कंटेनर रेल्वेनं बंदरात जातो आणि जहाजावर चढतो, वाटेत पुन्हा उघडण्याचं कारण नसतं. काही अडलं तर तुमचा माणूस अर्ध्या तासात डेपोत पोचतो, त्याला उरणला जाऊन राहावं लागत नाही. लुधियाना किंवा मुरादाबादसारख्या, समुद्रापासून हजारावर किलोमीटर दूर असलेल्या गावांतले लहान निर्यातदार याच सोयीवर उभे आहेत. मुरादाबादच्या पितळी भांड्यांच्या कारखानदाराला दर खेपेला मुंबई गाठावी लागली असती तर त्याचा निम्मा नफा वाटेतच गेला असता.

पण तुमची गोष्ट मुरादाबादसारखी नाही, आणि दिरांशी बोलताना यावर जोर द्या. कारखान्यातच कंटेनर भरून स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावायची सोय 2017 पासून आहे. त्यासाठी डेपो शेजारी असावा लागत नाही. वसमतच्या गोदामात कंटेनर भरला, सील लावलं आणि ट्रेलरनं थेट न्हावाशेव्याला पाठवला, तरी आतल्या बंदराचा निम्मा फायदा हातात आला. उरणच्या बाजूला तीसहून अधिक कंटेनर फ्रेट स्टेशनं, म्हणजे बंदराबाहेरची कंटेनर भरायची आवारं, आहेत. तिथे डॉक स्टफिंगसाठी (बंदराजवळ कंटेनर भरण्यासाठी) माल उतरवून पुन्हा भरायचा, गव्हाण फाट्याला किंवा कळंबोलीला ट्रक अडकला म्हणून कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, हुकवायचा, हा त्रास बहुतांशी यानंच संपतो. तुम्ही अजून डॉक स्टफिंग करत असाल, तर जागा बदलायच्या आधी तेच बदला.

मग उरलेला निम्मा फायदा रेल्वेचा, आणि जालन्याबाबत मला शंका आहे ती इथेच. रेल्वेचा दर लांबवर परवडतो. दोन्ही टोकांना क्रेननं उचल-ठेव करायचा खर्च असतो, तो अंतरात विरघळावा लागतो. जालना ते न्हावाशेवा सुमारे चारशे किलोमीटर. त्यात समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण 701 किलोमीटर 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि जालना त्याच रस्त्यावर. ट्रेलर संध्याकाळी निघाला तर सकाळी मुंबईच्या वेशीवर. रेल्वेची गाडी मात्र मनमाडहून कसारा घाट उतरून कल्याणच्या लोकलच्या गर्दीतून पनवेलकडे जाणार. दीर कदाचित डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉरचं (फक्त मालगाड्यांच्या रेल्वेमार्गाचं) नाव घेतील. तो कॉरिडॉर न्हावाशेव्याहून वसईमार्गे गुजरात-राजस्थानातून दादरीला जातो, सुमारे पंधराशे किलोमीटर. एकावर एक दोन कंटेनर नेणाऱ्या गाड्या त्या मार्गावरच्या. जालन्याच्या वाट्याला त्या येत नाहीत.

म्हणजे चारशे किलोमीटरवर आतलं बंदर चालतच नाही का? चालतं. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात ग्रीअर नावाच्या गावी 2013 साली असं बंदर सुरू झालं. चार्ल्सटनच्या समुद्रबंदरापासून ते साधारण 340 किलोमीटरवर, म्हणजे जालन्यापेक्षाही जवळ. तरी ते चाललं, कारण शेजारीच बीएमडब्ल्यूचा मोटार कारखाना होता. त्याचे सुटे भाग आत येणार होते आणि माल बाहेर जाणार होता. गाडी दोन्ही बाजूंनी भरणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. जर्मनीतलं डुइसबुर्ग तर जगातलं सर्वांत मोठं आतलं बंदर मानतात. त्याच्या पाठीशी ऱ्हाइन नदी आणि रूरचा सगळा पोलादी पट्टा होता. अशा जागा नकाशावरच्या अंतरानं तरत नाहीत, रोज गाडी कोण भरतं त्यानं तरतात.

हे तुमच्या आकड्यांत पाहा. एका कंटेनर गाडीला साधारण 45 वॅगन, म्हणजे वीस फुटी 90 डबे (कंटेनर). तुमचे महिन्याला चार, तेही चार वेगवेगळ्या जहाजांसाठी. उरलेले कोण भरणार? तेवढा माल जमेपर्यंत गाडी निघणार नाही, आणि गाडी दोन दिवस थांबली तर तुमचं जहाज गेलं. डबा पुढच्या जहाजावर ढकलला जाईल, दुबईच्या व्यापाऱ्याचा फोन तुम्हाला येईल. म्हणून कुठल्याही डेपोचा माहितीपट बघायला जाऊ नका. तिथल्या व्यवस्थापकाला एकच विचारा: गेल्या तीन महिन्यांत न्हावाशेव्याला गाड्या कोणत्या वारी सुटल्या, तारखांसकट द्या. वार ठरलेले असतील तर बसून बोला. "माल बघून सोडतो" असं उत्तर आलं तर चहा घेऊन परत या.

दुसरा प्रश्न रिकाम्या डब्याचा. हा तुमच्या धंद्यात सगळ्यांत महत्त्वाचा आणि दिरांच्या हिशेबात बहुधा नसलेला. निर्यातीला रिकामा कंटेनर लागतो, आणि तो शिपिंग लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, असतो. ज्या गावात आयात उतरते तिथेच रिकामे डबे साठतात. नाहीतर लाइन तो डबा न्हावाशेव्याहून रिकामा वर पाठवते आणि त्याचं भाडं कुठल्या ना कुठल्या नावाखाली तुमच्या बिलात येतं. जालन्याला आयात कशाची होणार? गाव सळयांच्या कारखान्यांचं. तिथल्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि बाहेरदेशचं भंगार कंटेनरमधून येतं. तेव्हा तिथे रिकामे डबे मिळतील, पण ते भंगार ओतून झालेले. आत पत्र्याला पोचे आलेले, लाकडी तळाला तेलाचे डाग, कोपऱ्यात लोखंडाचा चुरा. त्यात हळद भरता येत नाही. तुम्हाला खाद्यपदार्थांना चालणारा, फूड ग्रेडचाच डबा हवा.

डबा ताब्यात घेताना काय बघायचं ते तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो, कारण नव्या गावी नवा माणूस हे काम करणार आहे. आत जाऊन दोन्ही दारं बाहेरून लावून घ्यायची आणि अंधारात मिनिटभर उभं राहायचं. छताला, कडेला कुठे सुईएवढा उजेड दिसला तर डबा परत. मग नाकानं बघायचं. रसायन, डिझेल, कातडं, कसलाही वास आला तर परत, कारण हळद वास ओढून घेते आणि लंडनला दार उघडल्यावर तो पहिला समोर येतो. दाराच्या रबरी पट्ट्या फाटलेल्या नाहीत ना, तळ कोरडा आहे ना, तेही बघायचं. न्हावाशेव्याच्या यार्डात एक डबा नाकारला तर शेजारी दुसरे शेकडो उभे असतात. आतल्या डेपोत नाकारला तर कदाचित दुसरा नसतोच. म्हणून लाइनकडून लेखी घ्या की त्या डेपोत फूड ग्रेड वीस फुटी डबे ते ठेवतात आणि नाकारलेल्या डब्याच्या बदली डब्याचं भाडं कुणावर.

कागदांचं थोडक्यात. आतल्या बंदरातून माल द्यायचा तर विक्रीच्या अटी बदलून घ्या. तुम्ही आजवर एफओबी न्हावाशेवा विकत असाल, तर डबा जहाजावर चढेपर्यंत जोखीम आणि रेल्वेचा खर्च तुमचा. एफसीए डेपो असं ठरलं तर डेपोत वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जबाबदारी संपली. कंटेनरच्या मालाला हीच अट जास्त शोभते. पण लेटर ऑफ क्रेडिटवर (खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर) विकत असाल तर बँक 'ऑन बोर्ड' नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) मागते, आणि ती नोंद डबा जहाजावर चढल्याशिवाय होत नाही. इनकोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे विक्रीच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, एफसीएखाली खरेदीदारानं वाहतूकदाराला तशी नोंद द्यायला सांगावं अशी सोय ठेवली आहे, ती करारात घाला. नाहीतर माल डेपोत देऊन आठवडा झाला तरी पैसे अडकलेले राहतील. आयजीएसटी (आंतरराज्य आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) भरून निर्यात करत असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा: परतावा सुटायला डेपोची नोंद आणि बंदरातली नोंद जुळावी लागते. जीएसटी आल्यावर पहिल्या वर्षी आतल्या डेपोंतून पाठवणाऱ्या अनेकांचे परतावे याच कारणानं अडले होते. एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर) पाठवलंत तर हा भाग बराच टळतो. आणि तुमच्या बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) नव्या कस्टम्स ठिकाणासाठी नोंदवावा लागतो. हे काम पहिल्या डब्याच्या आदल्या दिवशी आठवू नये.

नागपूर तुमच्यासाठी नको. मिहानमध्ये कंटेनर डेपो आहे, अंतर आठशेच्या वर असल्यानं रेल्वेही परवडते, आणि विदर्भातली मिरची किंवा वायगावची हळद घेणाऱ्याला मी नागपूरच सांगितलं असतं. पण वसमतची हळद आधी तीनशे किलोमीटर ईशान्येला न्यायची आणि मग पश्चिमेच्या समुद्रासाठी परत फिरवायची, यात काही अर्थ नाही. वाढवणच्या नव्या बंदराची बातमीही सध्या हिशेबात धरू नका. त्याचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झालं. दीड वर्षात गाळा सोडायचा असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आता मुंबई. पॅकेटांचा जो थोडा थोडा माल जातो, तो इथून हलवू नका. दहा जणांचा माल एका डब्यात जमवणारे कन्सॉलिडेटर मुंबईत आहेत. आतल्या डेपोत असा डबा भरायला आठवडे लागू शकतात. मसाला मंडळाची तपासणी प्रयोगशाळा नवी मुंबईत, मिरचीचे व्यापारी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये, नमुना पाठवायचा तर विमानतळ जवळ. या गोष्टी भाड्यात मोजल्या जात नाहीत, पण अडलं की त्यांची किंमत कळते.

आणि त्या चौदा बायका. तुम्ही त्यांचा उल्लेख शेवटी केलात, पण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ते त्यांच्यामुळेच. त्यांची घरं, मुलांच्या शाळा, नवऱ्यांची कामं भांडुप-मुलुंडात. त्या जालन्याला येणार नाहीत आणि तुम्ही तसं विचारूही नये. भिवंडीत स्वस्त गोदाम मिळेल, पण भांडुपहून तिथे रोजचं जाणं-येणं बाईमाणसाला फार जड. मात्र अख्खी विकायची हळद मुंबईत यायचीच थांबली तर तुम्हाला दोन गाळे लागणारच नाहीत. भांडुप, मुलुंड किंवा वागळे इस्टेटमध्ये एक गाळा पुरेल, स्टेशनपासून चालत जाता येईल असा. दळण आणि पॅकेटिंग तिथे. पंधरा वर्षं हात बसलेली बाई वजन, सील आणि लेबल ज्या सफाईनं करते ते नव्या जागी उभं करायला तुम्हाला दोन वर्षं लागतील, आणि लंडनचं गिऱ्हाईक तेवढं थांबणार नाही.

तिकडे काय उभं करायचं? प्लॉट नाही, भाड्याचं गोदाम. वसमत किंवा हिंगोलीच्या आसपास, मोंढ्याजवळ. चाळण, निवड, पोती भरणं, कंटेनर लागेल एवढं अंगण, ट्रेलर वळेल असा रस्ता. गोदाम डब्ल्यूडीआरएकडे (गोदामांच्या केंद्रीय नियामकाकडे) नोंदलेलं मिळालं तर हंगामात घेतलेल्या हळदीच्या पावतीवर बँक कर्ज देते. मार्च-एप्रिलला माल भरून ठेवणाऱ्याला त्याचा मोठा आधार. नव्या जागेसाठी वेगळा अन्न परवाना आणि जीएसटीत 'अतिरिक्त व्यवसाय ठिकाण' हे तुमचा सीए करून देईल, राज्य तेच असल्यानं नवी जीएसटी नोंदणी लागत नाही.

एमआयडीसीचा प्लॉट वाईट नाही. 95 वर्षांचा भाडेपट्टा असतो, पण ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं, नाहीतर मुदतवाढीचे पैसे भरत बसा. शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत सवलती तालुक्याच्या गटाप्रमाणे बदलतात. मुंबईच्या पट्ट्याला जवळजवळ काही नाही, मागास तालुक्यांना बरंच आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन वसमत आणि जालना दोन्ही तालुक्यांचे गट शेजारी शेजारी लिहून घ्या. हे दिरांवर सोपवा, त्यांना उत्साह आहे आणि तो वाया जाऊ नये.

मग एक चाचणी करा. येत्या महिन्यांत अख्ख्या हळदीचे दोन डबे वसमतच्या एखाद्या प्रक्रियादाराकडे जॉबवर्कनं भरून घ्या. एक ट्रेलरनं थेट न्हावाशेव्याला, दुसरा मराठवाड्यातल्या त्या वेळी गाड्या चालू असलेल्या डेपोतून रेल्वेनं. फॉरवर्डरकडून (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटकडून) दोन्ही दर एकाच कागदावर घ्या: रिकामा डबा आणणं, उचल-ठेव, आतली वाहतूक, डेपोतले मोफत दिवस, त्यानंतरचं ग्राउंड रेंट (जागाभाडं), सगळं सुटं सुटं. नुसता 'ऑल इन' आकडा घेऊ नका, कारण रिकाम्या डब्याचं भाडं त्यातच लपतं. गोदामाचं दार बंद झाल्यापासून जहाज सुटेपर्यंत किती दिवस लागले ते दोन्हींचं लिहून ठेवा. रेल्वेचा डबा ट्रेलरपेक्षा स्वस्त पडला आणि जहाज चुकलं नाही, तर पुढचे चार त्याच वाटेनं पाठवा.

नवी हळद फेब्रुवारी-मार्चपासून मोंढ्यात यायला लागेल. त्याच्या आधी गोदामाचा अकरा महिन्यांचा करार झालेला असावा आणि इकडे गाळेमालकाकडून दोनपैकी पॅकिंगचा गाळा शेवटपर्यंत ठेवायची लेखी कबुली घेतलेली असावी. दिरांना प्लॉटचा अर्ज भरायचाच असेल तर भरू द्या. पैसे भरायची वेळ येईल तेव्हा त्या दोन डब्यांचे कागद टेबलावर ठेवा आणि दोघं मिळून ठरवा.